वेळ नसणाऱ्यांसाठी चरबी घटवण्याचं वेळापत्रक: आधी घड्याळ, मग व्यायाम

बहुतेक वेळापत्रकं रविवारी रात्री जन्माला येतात. सोमवारपासून पहाटे पाचला उठायचं, आठवड्यातून सहा दिवस जिम, रोज तासभर ट्रेडमिल आणि रात्री फक्त सूप. बुधवारी ऑफिसात उशीर होतो, गुरुवारी मांड्या इतक्या दुखतात की जिना उतरवत नाही, शनिवारी कुणाचं तरी लग्न असतं. मग सगळं पुढच्या सोमवारवर जातं.

याला लोक आळस म्हणतात, पण बिघडलेला असतो तो क्रम. आधी व्यायाम ठरतो आणि मग तो दिवसात कोंबला जातो. हे उलटं करायचं आहे. तुमच्या सर्वांत वाईट आठवड्यात हमखास मिळणारा वेळ आधी शोधायचा, त्यात मावेल तेवढाच व्यायाम बसवायचा आणि ताटाकडे पहिल्या दिवसापासून लक्ष द्यायचं. चांगल्या आठवड्यात जास्त झालं तर तो वरचा नफा.

उदाहरणादाखल डोंबिवलीत राहणारी आणि दक्षिण मुंबईत नोकरी करणारी व्यक्ती धरू. ती सकाळी साडेसातला घर सोडते आणि रात्री साडेआठला परतते. हिंजवडीतल्या पाळीचं किंवा घर-मुलं-नोकरी अशा तिहेरी दिवसाचं गणित वेगळं असेल, पायऱ्या मात्र याच.

पायरी १: सुरू करण्याआधी डॉक्टरांना कुणी विचारावं

चालताना किंवा जिना चढताना छातीत दुखतं वा दाटून येतं, चक्कर येते, रक्तदाब औषधांनीही आटोक्यात नाही, हृदयविकार आहे, गरोदरपण किंवा नुकतीच प्रसूती आहे, मोठी शस्त्रक्रिया झाली आहे, यांपैकी काहीही असेल तर आधी डॉक्टर. चाळिशी उलटली आहे आणि अनेक वर्षं अंग हललेलं नाही, त्यांनीही रक्तदाब, साखर आणि हिमोग्लोबिन तपासून घ्यावं.

इशारा: इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड अशा गोळ्या चालू असतील तर व्यायाम आणि कमी जेवण एकत्र आल्यावर साखर अचानक खाली जाऊ शकते. औषधाची मात्रा डॉक्टरच बदलतील, तुम्ही नाही. खिशात ग्लुकोज किंवा साखर ठेवा. हात थरथरले, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली की व्यायाम तिथेच थांबवून ती खा.

पायरी २: आठवड्याचा खरा हिशोब मांडा

ही पायरी लोक हमखास गाळतात आणि पुढचं सगळं तिच्यावरच उभं असतं.

एक आठवडा काहीही न बदलता फक्त लिहा. उठलात कधी, घर कधी सोडलं, प्रवास किती, जेवण कधी, झोपलात कधी. मोबाइल हातात घेऊन सोफ्यावर गेलेला वेळसुद्धा लिहा. ही वही कुणाला दाखवायची नाही, तेव्हा खोटं लिहून फायदा नाही.

आता त्यात तीन प्रकारचे तुकडे शोधा.

पहिला, पक्का तुकडा: ३० ते ३५ मिनिटांचा, ज्यात तुम्ही घरी किंवा जिमजवळ असता आणि कुणी हाक मारण्याची शक्यता कमी असते. असे आठवड्यात दोन मिळाले तरी काम होतं, तीन मिळाले तर उत्तम. डोंबिवलीच्या आपल्या व्यक्तीला मंगळवारी आणि गुरुवारी पहाटे सहाला एकेक आणि रविवारी सकाळी एक असे तीन मिळतील. रात्रीचे साडेनऊ कागदावर मोकळे दिसतात. प्रत्यक्षात गाडी उशिरा आली, जेवण लांबलं की पहिला बळी त्यांचाच जातो.

दुसरा, सुटा तुकडा: १० ते १५ मिनिटांचा. जेवणानंतरची, स्टेशन ते ऑफिस, फोनवर बोलतानाची. हे चालण्यासाठी.

तिसरा, चोरीला जाणारा तुकडा: दिसतो मोकळा, पण दर आठवड्याला कुणीतरी पळवतं. शुक्रवारची संध्याकाळ हे त्याचं नेहमीचं उदाहरण. त्यावर काहीही बांधू नका.

घरात इतर माणसं असतील तर आणखी एक काम आहे. पक्का तुकडा बोलून पक्का करा. सहा ते साडेसहा पाणी कोण भरेल, डबा कोण करेल, मूल उठलं तर कोण घेईल, हे ठरलेलं नसेल तर तो तुकडा तुमचा नाहीच. बायकांची वेळापत्रकं इथेच मोडतात आणि दोष मात्र त्यांच्या निश्चयावर ढकलला जातो. पोळ्यांना बाई लावणं किंवा आठवड्यातून दोन दिवस डब्याची जबाबदारी दुसऱ्यानं घेणं हा व्यायामाच्या आखणीचाच भाग समजा.

थांबा, तपासा: गेल्या महिन्यातला सर्वांत वाईट आठवडा आठवा. पाहुणे, ऑडिट, मुलाचा ताप, जे काय असेल ते. त्या आठवड्यातही तुम्ही निवडलेल्या तुकड्यांपैकी दोन टिकले असते का? उत्तर नाही असेल तर तुकडे बदला, पुढे जाऊ नका.

इशारा: झोप कापून वेळ काढू नका. बाराला झोपून पाचला उठणारा माणूस दिवसभर भूक आणि चहा यांच्यामागे धावतो. खाणं सारखंच कमी केलं तरी झोप अपुरी असताना घटलेल्या वजनात चरबीचा वाटा कमी आणि स्नायूंचा जास्त निघतो, असं छोट्या पण काटेकोर प्रयोगांत दिसलं आहे. पहाटे उठायचं असेल तर आधी आठवडाभर झोपायची वेळ अलीकडे आणा, व्यायाम त्यानंतर.

पायरी ३: सुरुवातीच्या नोंदी घ्या

वजन: सकाळी शौचानंतर, काही खाण्यापिण्याआधी, आठवड्यातून तीन-चार दिवस. बघायची ती या दिवसांची सरासरी. खारट जेवण, बद्धकोष्ठता, मासिक पाळी यांनी काटा एका रात्रीत किलोभर इकडे-तिकडे होतो, म्हणून एका दिवसाच्या आकड्याला अर्थ नाही.

कंबर: शिंप्याची टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मधे, पोट न ओढता, सहज श्वास सोडल्यावर मोजा. पँटचा नंबर हे माप नव्हे, कारण पँट बहुतेकांची पोटाच्या खालीच बसते. भारतीयांमध्ये पुरुषांना ९० सेंमी आणि बायकांना ८० सेंमी ही धोक्याची रेघ मानतात.

पावलं: मोबाइल किंवा घड्याळावरची आठवड्याची सरासरी. सध्या जी आहे ती, चार हजार असली तरी चालेल.

याखेरीज एक आकडा ताकदीचा: ओट्याला हात टेकवून किती जोर निघतात आणि खुर्चीवरून हात न लावता किती वेळा उठता येतं. दोन महिन्यांनी हाच आकडा तुम्हाला धरून ठेवेल, काटा रुसला असला तरी.

पायरी ४: पक्क्या तुकड्यात ताकदीचा व्यायाम ठेवा

इथे बहुतेकांचा हात कार्डिओकडे, म्हणजे चालणं, धावणं, ट्रेडमिल यांकडे जातो. ७० किलोचा माणूस अर्धा तास साधारण वेगानं चालला तर सव्वाशेच्या आसपास कॅलरी खर्च होतात, त्यातल्या तीसेक तर नुसतं बसूनही झाल्याच असत्या. एक वडापाव अडीचशे-तीनशेचा. धावून खाल्लेलं जाळण्याचा हा हिशोब कधीच जुळत नाही.

कॅलरीची तूट, म्हणजे खर्चापेक्षा कमी खाणं, मुख्यतः ताटातून येते. व्यायामानं करायचं ते वेगळं काम: वजन उतरताना स्नायू टिकवणं, म्हणजे उतरेल ती मुख्यत्वे चरबी असेल. हे काम ताकदीचा व्यायाम चालण्यापेक्षा कितीतरी चांगलं करतो. चालणं दिवसभरात विखरून टाकता येतं, जोर-बैठका येत नाहीत. म्हणून सलग अर्धा तास ताकदीला आणि सुटे तुकडे चालण्याला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीतही आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायामासोबत किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगितला आहे. लोक पहिलं वाक्य लक्षात ठेवतात, दुसरं सोडतात.

घरी काय लागेल: एक चटई, एक पक्की खुर्ची, एक रबर बँड आणि वजन भरता येईल अशी सॅक. सॅकमध्ये तांदळाच्या पिशव्या किंवा पाण्याच्या बाटल्या चालतात. पुढे जमल्यास बदलत्या वजनाचे डंबेल. जिम घर-स्टेशनच्या वाटेवर असेल तरच घ्या. आडवाटेच्या जिमची वर्षाची फी ही अनेक घरांत वार्षिक देणगी होऊन बसते.

एका सत्रात पाच हालचाली:

१. बैठक. टाचा जमिनीवर, पावलं खांद्याइतकी लांब, मागे खुर्ची. नितंब खुर्चीला टेकताच वर. आखाड्यातल्या वेगवान बैठका नकोत, खाली जाताना दोन-तीन सेकंद घ्या. गुडघा दुखत असेल तर खुर्चीवर उशी ठेवून खोली कमी करा.

२. जोर. सुरुवात भिंतीवर, मग ओट्यावर, मग पलंगाच्या कडेवर, शेवटी जमिनीवर. शरीर डोक्यापासून टाचेपर्यंत सरळ. कंबर खाली लोंबायला लागली की सेट (न थांबता केलेली एका हालचालीची आवर्तनं) तिथेच संपला.

३. कमरेतून वाकून उचलणं. सॅक दोन्ही हातांत मांड्यांसमोर. गुडघे किंचित मोडून, पाठ सपाट ठेवून नितंब मागे ढकला. सॅक गुडघ्यांच्या खाली आली आणि मांडीच्या मागे ताण जाणवला की वर या. ताण पाठीत येत असेल तर तुम्ही नितंबांऐवजी पाठ वाकवत आहात.

४. ओढणं. रबर बँड खिडकीच्या पक्क्या गजाला अडकवून कोपर बरगड्यांच्या मागे न्या, किंवा एक हात खुर्चीवर टेकवून दुसऱ्या हातानं सॅक कमरेकडे ओढा. दिवसभर संगणकापुढे वाकणाऱ्यांना हीच हालचाल सर्वांत गरजेची आणि हीच सर्वांत जास्त टाळली जाते.

५. प्लँक: कोपर आणि पायांची बोटं टेकवून शरीर सरळ, अधांतरी धरणं, २० ते ४० सेकंद. किंवा दोन्ही हातांत जड पिशव्या घेऊन ताठ चालणं. बाजारातून भाजी आणताना हे आपोआप होतंच, फक्त खांदे पाडू नका.

पाच मिनिटं अंग मोकळं करा: खांदे फिरवणं, जागेवर चालणं, सावकाश चार सूर्यनमस्कार. मग वरच्या क्रमानं पाच हालचालींची एक फेरी. प्रत्येक हालचाल ८ ते १२ वेळा, मधे ४५ सेकंद विश्रांती. क्रम असाच ठेवा: आधी पाय, मग हात, म्हणजे एक गट काम करताना दुसरा सावरतो आणि विश्रांती कमी पुरते. अशा तीन फेऱ्या साधारण बावीस मिनिटांत होतात.

पहिले दोन आठवडे मात्र दोनच फेऱ्या. प्रत्येक सेट अजून दोन-तीन वेळा जमलं असतं अशा टप्प्यावर थांबवा. पहिल्याच दिवशी जीव काढला की पुढचे चार दिवस अंग धरतं, आणि ठरलेलं दुसरं सत्र हुकतं. वेळापत्रकाचं पहिलं भोक पडतं ते असं.

वाढ कशी करायची: तीनही फेऱ्यांत १२ चा आकडा नीट गाठला की पुढच्या वेळी वजन थोडं वाढवा किंवा जोर ओट्यावरून पलंगावर आणा. आकडा पुन्हा आठवर घसरेल, ते बरोबर आहे. वहीत तारीख, वजन आणि आकडे लिहा. लिहिलं नाही तर सहा महिने तीच सॅक उचलत राहाल.

इशारा: स्नायूंचा ठणका दोन-तीन दिवसांत जातो. सांध्यातली टोचणारी कळ, पाठीतून पायात उतरणारी वेदना किंवा मुंग्या हे वेगळं प्रकरण. ती हालचाल बंद करा आणि दाखवून घ्या.

पोट कमी करण्यासाठी रोज शंभर क्रंचेस मारणाऱ्यांसाठी एक ओळ: ज्या भागाचा व्यायाम त्याच भागाची चरबी, असं शरीर करत नाही. चरबी कुठून आधी उतरेल हे तुमची प्रकृती ठरवते, आणि पोट बहुधा शेवटी येतं.

पायरी ५: चालणं दिवसात विखरून टाका

दहा हजारांवर एकदम उडी मारू नका. पायरी ३ मध्ये निघालेल्या सरासरीत दीड-दोन हजार वाढवा, ती दोन आठवडे टिकली की पुन्हा वाढवा. साध्या चालीनं हजार पावलांना दहा मिनिटं लागतात, म्हणजे रोज जास्तीची पंधरा-वीस मिनिटं. तीही एका दमात नकोत.

मुंबईच्या प्रवासात जागा भरपूर आहेत. चर्चगेटला उतरून नरिमन पॉइंटसाठी शेअर टॅक्सीच्या रांगेत उभं राहण्यापेक्षा तेवढ्या वेळात चालत पोचता येतं. सरकता जिना सोडून साधा जिना. घरी परतताना रिक्षा स्टँडवर न थांबता निम्मं अंतर पायी. पुण्यात कंपनीच्या बसनं जाणाऱ्यांनी एक थांबा आधी उतरावं. ज्यांचं ऑफिस घरातच आहे त्यांना प्रवासाचीही पावलं मिळत नाहीत, म्हणून त्यांनी कॅमेरा नसलेला प्रत्येक कॉल उभ्यानं आणि चालत घ्यावा.

शतपावलीची सवय आधीच असेल तर तिला शंभरावर थांबवू नका. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं सावकाश चालल्यानं जेवणानंतरची साखर कमी चढते.

आठवड्यातून दोन वेळा मात्र थोडं जोरात चाला. वेगाची खूण सोपी आहे: बोलता येतं, गाणं म्हणता येत नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये हे सगळं कोलमडतं हे धरूनच चाला. पावसाळ्यासाठी पर्याय आत्ताच लिहून ठेवा: इमारतीचा जिना, पार्किंगच्या फेऱ्या, घरात दहा मिनिटं सूर्यनमस्कार. मे महिन्यात दुपारचं चालणं सकाळवर ढकला.

थांबा, तपासा: ताकदीचा व्यायाम सुरू केल्यावर पावलांची सरासरी घसरली का? अनेकांची घसरते. "आज व्यायाम झाला" म्हणून माणूस उरलेला दिवस नकळत कमी हलतो, लिफ्ट घेतो, सोफ्यावर आडवा होतो. घसरली असेल तर आधी ती पूर्ववत आणा.

पायरी ६: ताट

व्यायामाच्या लेखात ताट का, असं विचाराल, पण यावाचून बाकीच्या पायऱ्या चरबीच्या बाबतीत जवळपास वाया जातात.

एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानानं ७७०० कॅलरी. दिवसाला ३०० ते ५०० ची तूट ठेवली तर आठवड्याला पाव ते अर्धा किलो उतरतं. याहून घाई करू नका.

ही तूट कुठून काढायची? भाकरी-पोळीवर धाड घालण्याआधी तेल, साखर आणि हातात येऊन पडणाऱ्या वस्तू बघा. घरात चार माणसांत महिन्याला चार लिटर तेल लागत असेल तर माणशी दिवसाला तेहतीस मिलिलिटर, म्हणजे पावणेतीनशे कॅलरी. फोडणीला पळी ओतण्याऐवजी चमचा वापरला की यातल्या शंभर तरी सहज जातात. चार कप चहात दोन-दोन चमचे साखर म्हणजे आणखी दीडशेच्या आसपास. ऑफिसातल्या कुणाच्या तरी वाढदिवसाचा समोसा आणि गावाहून आलेला चिवडा यांचा हिशोब कुणीच ठेवत नाही, म्हणून तुम्ही ठेवा.

जे वाढवायचं ते प्रथिन. वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज १.२ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे ७५ किलोच्या माणसाला ९० ग्रॅम. मराठी शाकाहारी ताटात हे आपसूक होत नाही. वाटीभर घट्ट वरणात सहा-सात ग्रॅमच असतात. दिवस असा लावता येईल: सकाळी मुगाची धिरडी आणि मोठी वाटी दही, डब्यात भरपूर मटकीची उसळ, पोळ्या आणि ताक, संध्याकाळी मूठ-दोन मूठ फुटाणे, रात्री १०० ग्रॅम पनीर आणि वरण-पोळी. एवढ्यानं ऐंशीच्या आसपास पोचता, उरलेलं सोयाबीनच्या वड्यांनी भरतं. अंडी, मासे, चिकन खाणाऱ्यांचं काम सोपं आहे: एका अंड्यात सहा ग्रॅम, १०० ग्रॅम शिजलेल्या चिकनमध्ये पंचवीसच्या वर. मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रथिन वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा.

उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याचे पापड खाऊन तूट होत नाही. उपवास करायचाच असेल तर दही, दूध, शेंगदाणे मापात, राजगिरा असा करा आणि ताकदीचं सत्र त्या दिवशी ठेवू नका.

व्यायाम रिकाम्या पोटी की खाऊन, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. चरबीच्या दृष्टीनं दिवसाचा एकूण हिशोब मोजला जातो. पहाटे गरगरत असेल तर अर्धं केळं खा. संध्याकाळच्या सत्राआधी मात्र काहीतरी खाऊन घ्या, नाहीतर घरी येऊन डबे उघडले जातात.

पायरी ७: आदल्या रात्रीची तयारी

कपडे, चटई, सॅक बाहेर काढून ठेवा. आज कोणती हालचाल, किती वजन, हे वहीत लिहून ठेवा. पहाटे सहाला डोकं निर्णय घेण्याच्या स्थितीत नसतं. रविवारी मटकी भिजवा, मोड आले की फ्रीजमध्ये ठेवा. तीन दिवसांची उसळ सुटली की डब्याचा मोठा प्रश्न सुटतो.

मोबाइल दुसऱ्या खोलीत. "दोन मिनिटं मेसेज बघतो" यात पक्का तुकडा अर्धा होतो.

पायरी ८: बिघडलेल्या आठवड्याची योजना आधीच लिहा

सत्रांना वार देऊ नका, क्रमांक द्या. मंगळवारचं सत्र हुकलं तर ते "गेलं" असं होत नाही, पुढच्या मोकळ्या तुकड्यात तेच सत्र, तोच क्रमांक. फक्त दोन सत्रांत शक्यतो एका दिवसाची फट ठेवा.

पूर्ण अर्धा तास मिळतच नसेल तर बारा मिनिटांचा पर्याय: बैठक, जोर, ओढणं, एवढ्याच तीन हालचाली, दोन फेऱ्या, मधे अर्ध्या मिनिटाची विश्रांती. स्नायू टिकवायला आठवडा-दोन आठवडे एवढंही पुरतं. गणपतीचे दिवस, दिवाळी, मार्चअखेर, मुलांच्या परीक्षा, यांवर कॅलेंडरमध्ये आत्ताच खूण करा आणि त्या आठवड्यांत हाच पर्याय धरून चाला. तेव्हा वजन उतरवायचं नाही, आहे तिथे ठेवायचं.

इथे हमखास होणाऱ्या चुका:

हुकलेली दोन सत्रं रविवारी एकत्र करणं. याचा उपयोग फक्त सोमवारी लंगडायला होतो.

लग्नात जेवलं म्हणून दुसऱ्या दिवशी कडक उपास. संध्याकाळपर्यंत पुन्हा भुकेचा स्फोट होतो. दुसऱ्या दिवशी नेहमीचं ताट, नेहमीची पावलं, बस.

तापात व्यायाम करणं. ताप, अंगदुखी, जुलाब असेल तर पूर्ण विश्रांती. नुसती सर्दी असेल तर हलकं चालणं चालतं. आजारानंतर आठवड्याची सुट्टी पडली असेल तर एक फेरी कमी करून सुरू करा, तीन-चार आठवड्यांचा खंड असेल तर उचलायचं वजन निम्म्यावर आणा.

पायरी ९: पहिले आठ आठवडे

आठवडा १ आणि २: दोन सत्रं, दोन फेऱ्या, पावलं आहेत तेवढीच. ताटातून फक्त चहाची साखर आणि संध्याकाळचं तळण हलवा.

आठवडा ३ आणि ४: तिसरी फेरी. पावलांत दीड-दोन हजारांची भर. तेल चमच्यानं मोजायला सुरुवात.

आठवडा ५ ते ८: तिसरा पक्का तुकडा खरोखर मिळत असेल तर तिसरं सत्र, नसेल तर दोनच ठेवून उचलायचं वजन वाढवा. प्रथिनाचा आकडा गाठा.

दोरीच्या उड्या, वेगाचे झटके, पळणं यांची जागा आठ आठवड्यांनंतर, आठवड्यातून फार तर एकदा, गुडघे आणि टाचा कुरकुरत नसतील तर. वजन बरंच जास्त असेल तर त्यांच्याविनाही काही अडत नाही.

पायरी १०: काट्याचा निकाल कसा वाचायचा

पहिल्या दोन आठवड्यांत काटा झपकन खाली येऊ शकतो, त्यात पाण्याचा वाटा मोठा असतो. नवीन व्यायामामुळे स्नायू पाणी धरतात, त्यामुळे तो अडूही शकतो. दोन्हींवर विश्वास ठेवू नका. चार आठवड्यांनी सरासरी वजन आणि कंबर यांची तुलना करा. पाळी येणाऱ्या बायकांनी चक्राच्या त्याच आठवड्याशी तुलना करावी.

सरासरी वजन आठवड्याला वजनाच्या अर्धा टक्क्याच्या आसपास उतरतंय: काहीही बदलू नका. कंटाळा आला म्हणून नवीन वेळापत्रक शोधणं ही इथली सर्वांत महागडी चूक.

वजन अडलंय, पण कंबर कमी होतेय आणि जोर वाढलेत: तरीही काही बदलू नका.

दोन्ही अडलंय: आधी वही बघा. ठरलेल्या दहा सत्रांपैकी आठ तरी झाली का? झाली नसतील तर दोष तुकड्यांच्या निवडीत आहे, पायरी २ वर परत या. झाली असतील तर चार दिवस खाल्लेलं सगळं लिहा, शनिवार-रविवार धरून, कारण सोमवार ते शुक्रवारची तूट बहुतेकांकडे शनिवारी रात्रीच भरून निघते. तिथेही काही सापडलं नाही, तरच रोजची हजार-दीड हजार पावलं वाढवा. एका वेळी एकच बदल आणि त्याला तीन आठवडे द्या.

आठवड्याला वजनाच्या एक टक्क्याहून जास्त उतरतंय, थकवा आहे, केस गळताहेत, पाळी पुढे-मागे होतेय, उचलायची वजनं घसरताहेत: जेवण वाढवा, आधी वरण-उसळ, मग पोळी-भात. दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर थायरॉइड आणि रक्ताच्या तपासण्या करून घ्या.

हवं तेवढं उतरलं की तूट थांबवायची, सत्रं चालू ठेवायची. रोजच्या जेवणात दोन आठवड्यांतून एकदा साधारण एका पोळीची भर घाला, सरासरी वजन स्थिर झालं की तिथे थांबा. पावलं आणि दोन सत्रं तशीच ठेवा. कंबरेची टेप महिन्यातून एकदा काढा. ती दोन सेंटीमीटरनं वाढलेली दिसली तर पायरी ६ मधलं तेलाचं माप पुन्हा सुरू करा.